मामाचा बेसूर

माझ्या मामाइतका बेसूर माणूस तापीच्या दोन्ही काठांवर आजवर झालेला नाही, आणि गाण्यावर मामाइतका विश्वास ठेवणारा माणूसही झालेला नाही. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदतात, हे कोडं आमच्या घराण्यात कुणाला सुटलेलं नाही. बेसूर माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. जळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे दरवर्षी स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसावं लागतं. पण ती मुलं निदान सुराच्या आसपास तरी फिरत असतात. मामा सुराला चुकूनसुद्धा शिवत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." पुढे दीपनगरच्या वसाहतीत गणपतीच्या आरतीला त्याला टाळ दिले, ते काढून घेऊन घंटा दिली, मग घंटाही काढून घेतली आणि शेवटी प्रसादाच्या वाटपावर नेमलं. तिथे मात्र तो वीसेक वर्षं टिकला. मामाला याचं कधी वाईट वाटलं नाही. "मला गाणं येत नाही, पण गाणं असतं हे मला मान्य आहे," असं तो म्हणायचा, जसं एखादा माणूस समुद्र न पाहताही समुद्र मान्य करतो.

मामाची नोकरी तिथल्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये. चौतीस वर्षं त्याने दर तासाला काट्यांकडे बघून आकडे लिहिले: बॉयलरचा दाब, वाफेचं तापमान, पाण्याची पातळी. निवृत्त होऊन भुसावळला घर बांधलं तरी तास वाजला की त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जाई. मग घरात जे सापडेल ते तो लिहू लागला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, कुकरच्या शिट्ट्या, मामीचं ब्लडप्रेशर, उन्हाळ्यात शेजारच्या कूलरची घरघर. मामीने एकदा विचारलं, "मी रागावले की कोणत्या रकान्यात लिहिता?" तर मामा गंभीरपणे म्हणाला, "शेऱ्यात." माझ्या लग्नात सगळं गणगोत मांडवात बसलेलं असताना हा माणूस कार्यालयाच्या मागे जनरेटरजवळ उभा होता, कारण त्याला जनरेटरचा आवाज बरा वाटत नव्हता. त्याने कुणाकडून तरी पाना मागून आणला आणि आहेराच्या शर्टाला तेल लावून घेतलं. जेवणाच्या पंगती बसल्या आणि वीज गेली. जनरेटर पहिल्या झटक्यात चालू झाला, तेव्हा मामा इतक्या तृप्तीने आत आला की कन्यादान त्यानेच केलं असावं असं पाहुण्यांना वाटलं. यंत्र आजारी आहे हे ज्याला भिंतीपलीकडून ऐकू येतं, त्याला समोरच्या गाण्यातला सूर ऐकू येत नाही, हे आश्चर्य मी मामामध्येच पाहिलं.

माझी आई मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आजी दिवसभर शेतात असायची, म्हणून मामाला वाढवलं ते आईने, कडेवर घेऊन आणि वेळप्रसंगी पाठीत धपाटा घालून. तो तिला अक्का म्हणायचा, ती त्याला बारक्या म्हणायची. मामाच्या डोक्यावर पांढरे केस आले, चष्मा आला, नातवंडं आली, तरी तो बारक्याच होता. आई लग्न होऊन असोद्याला आली. वडील गेल्यानंतर केळीची बाग, मजूर, दोन म्हशी आणि आम्ही दोन भावंडं हे सगळं तिने एकटीने चालवलं. दर शनिवारी मामा बसने असोद्याला यायचा, तिच्या हातची वरणबट्टी खायचा, घरातली एखादी बिघडलेली वस्तू दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी परत जायचा. बिघडलेलं काही नसलं तर आई मुद्दाम एखादा स्क्रू ढिला करून ठेवते, असा माझ्या वहिनीला दाट संशय होता.

मग आई विसरू लागली. आधी मीठ दोनदा पडायचं, मग वहिनीचं नाव सापडायचं नाही, मग शेतातून घरी यायचा रस्ता. हे आम्ही वय म्हणून सोडून दिलं. आणि एका शनिवारी मामा दारात उभा राहिला, तर आईने पदर सावरला आणि विचारलं, "कोन पाहिजे, भाऊ?"

मामाने चपला दाराबाहेरच काढल्या. मग म्हणाला, "घरचे आहेत का?"

"बागात गेले. बसा, पानी देते."

तो खाटेच्या काठावर पाहुण्यासारखा बसला. आईने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि कुठले तुम्ही, म्हणून चौकशी केली. मामाने जामनेरकडच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. आईचा चेहरा एकदम फुलला. "माह्या माहेरचे व्हय तुम्ही. मंग माह्या बारक्या भावाले ओळखत असान."

"ओळखतो," मामा म्हणाला.

"त्याले सांगजा, शनिवारी ये म्हना."

मामाने हो म्हटलं, पाणी प्यायला आणि उठला. हे सगळं वहिनीने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. पुढचं मला स्टँडवरच्या पानटपरीवाल्याने सांगितलं. मामा तिथल्या बाकावर बसला होता आणि भुसावळच्या तीन बसगाड्या त्याने समोरून जाऊ दिल्या.

त्यानंतर मामाने जे केलं ते फक्त मामाच करू शकतो. त्याने आईला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे पस्तिशीतल्या एक मॅडम, बोलायला मोजक्या आणि स्वभावाने सोशिक, हे पुढे सिद्ध झालं. त्यांनी तपासण्या केल्या आणि हा स्मृतिभ्रंश आहे, डिमेन्शिया म्हणतात तो, हळूहळू वाढत जाईल, असं समजावून सांगितलं. मी आणि भाऊ मान खाली घालून ऐकत होतो. मामाने खिशातून वही काढली. त्याचे सत्तावीस प्रश्न तयार होते. पहिला प्रश्न असा: "मॅडम, विजेची एक फीडर लाइन बंद पडली तर दुसऱ्या बाजूने सप्लाय देता येतो. मेंदूत तशी सोय आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "काका, मेंदूत वायरमन पाठवता येत नाही." आणि मग, आम्ही उठलो तेव्हा, त्या दारापर्यंत आल्या. "पण तुम्ही विचारताय ते अगदीच चूक नाही. गाणं मेंदूत एका कप्प्यात नसतं. सूर एकीकडे, ठेका दुसरीकडे, शब्द तिसरीकडे, आणि गाण्याबरोबरची आठवण आणखी कुठेतरी. त्यामुळे बाकीचं पुसलं गेलं तरी गाण्याचं काहीतरी बराच काळ शिल्लक राहू शकतं. तेही तरुणपणी ऐकलेलं, म्हटलेलं. घरी लावून बघा. आजार बरा होणार नाही, पण माणूस शांत होतं, जवळ येतं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, आवाज मोठा ठेवायचा नाही, आणि त्या वैतागल्या तर लगेच थांबायचं."

डॉक्टरांनी दारात उभं राहून सहज सांगितलेल्या चार वाक्यांचा मामाने वरिष्ठांचा लेखी हुकूम केला. पुढच्या महिनाभरात त्याने मेंदूवरची मिळतील ती पुस्तकं आणली, इंटरनेटवरची भाषणं ऐकली आणि मामीने भाजीला आणलेला फ्लॉवर ताब्यात घेतला. त्या फ्लॉवरवर त्याने स्केचपेनने रेघा मारल्या: इथे बोलणं, इथे ऐकणं, इथे हातपाय, इथे भीती. येईल त्या माणसाला तो फ्लॉवर हातात घेऊन मेंदू शिकवी. दूधवाला, गॅस सिलिंडर आणणारा, मामीच्या भिशीतल्या बायका, कुणी सुटलं नाही. तीन दिवसांनी फ्लॉवर पिवळा पडायचा आणि नवा आणावा लागायचा. मामी एकदा कढई तापत ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "आज भाजीत बोलणं घालू की ऐकणं?" मामा म्हणाला, "भीती घाल. ती कमीच झालेली बरी."

त्याचं हे बोलणं विनोदाचं होतं, पण भीती आमच्या घरात खरंच वाढत चालली होती. आईचं आंघोळीशी वैर झालं होतं. अंगावर पाणी पडलं की ती घाबरायची, ओरडायची, वहिनीचे हात ओरबाडायची. जिने आयुष्यभर पहाटे आंघोळ केल्याशिवाय चूल पेटवली नाही, ती आठ आठ दिवस तशीच बसून राहायची. वहिनीच्या मनगटांवर नखांचे ओरखडे असत आणि ती पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालून ते झाकत असे. शेवटी एका रविवारी भावाने विषय काढला. नाशिकला अशा माणसांसाठी एक केंद्र आहे, तिथे ठेवावं का. मी नाही म्हणू शकले नाही, कारण आठवड्यातून एकदा येणाऱ्या मुलीला नाही म्हणायचा काय अधिकार. वहिनी फक्त रडली. मामा ओसरीवर बसून ऐकत होता. म्हणाला, "एक महिना मला द्या. महिन्यानंतर तुम्ही ठरवाल ते."

आणि मामा असोद्याला राहायला आला. एक पेटी, त्यात चार कपडे आणि बाकी सगळी यंत्रं: दोन स्पीकर, तीन हेडफोन, वायरी, आणि अर्थात वही. वहीत त्याने रकाने आखले होते. वेळ, गाणं, डोळे, हात, पाय, शेरा. पहिल्या आठवड्यात त्याने आईला भजनं ऐकवली, कारण म्हाताऱ्या बाईला भजनच आवडणार असं आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. आईने कानांवर हात ठेवले. मला तेव्हा आठवलं की आई देवळातल्या भजनाला कधी बसलीच नव्हती. तिला तेवढी उसंतच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तिच्या तरुणपणची सिनेमातली गाणी लावली. आई उठली आणि शेजारच्यांचा रेडिओ मोठा झालाय असं समजून तिने खिडकी लावून घेतली. हेडफोन तर तिने डोक्यावरून असा झटकला, जणू पाल पडली असावी. वहीत एकाखाली एक शेरे पडत गेले: प्रतिसाद नाही. प्रतिसाद नाही. नापसंती. प्रतिसाद नाही. इतका खचलेला मामा मी कधी पाहिला नव्हता. त्याने डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही त्यांच्या वयाच्या बाईची गाणी शोधताय. त्यांची शोधा. पंधरा वर्षांच्या असताना त्या काय म्हणायच्या?"

मामाने वहीचं नवं पान उघडलं. मग म्हणाला, "भुलाबाई."

आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात. संध्याकाळी टोळीने घरोघर जायचं, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायची आणि शेवटी बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावायचा. आई तिच्या गावातल्या टोळीची म्होरकी होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मामा सहा वर्षांचा, तिच्या मागे मागे फिरायचा. त्याने गायला तोंड उघडलं की मुली हसायच्या, म्हणून आईने त्याच्याकडे खाऊचा डबा सोपवला होता. मामाने इंटरनेटवर भुलाबाईची गाणी शोधली. ती होती, पण शहरातल्या बायकांनी पेटीतबल्यावर म्हटलेली, चाल वेगळी, शब्द वेगळे. आईने मान फिरवली. तेव्हा मामा बस पकडून जामनेरला आणि तिथून रिक्षाने आपल्या गावी गेला. आईच्या टोळीतली एकच मैत्रीण आता गावात राहिली होती. तिला सगळी गाणी पाठ होती, पण दमा इतका की एका ओळीत दोनदा थांबावं लागायचं. सूर धरायला श्वासच नव्हता. तिने शब्द सांगितले आणि मामाने ते लिहून घेतले. निघताना ती म्हणाली, "चाल तुले माहीत शे ना?" जामनेरकडे 'शे' म्हणत नाहीत, पण ती बाई धुळ्याकडे दिलेली होती आणि नवरा गेल्यावर माहेरी परतली होती. मामा म्हणाला, "चाल माझ्या डोक्यात आहे. गळ्यात नाही."

रविवारची सकाळ होती. मी आदल्या दिवशीच आले होते. चुलीवर आंघोळीचं पाणी तापलं होतं आणि वहिनी बाह्या खाली ओढून मनाची तयारी करत होती. आई अंगणात खाटेवर बसलेली, डोळे कुठेतरी लांब. मामा तिच्यासमोर जमिनीवर बसला, चष्मा लावला, वहीतलं पान काढलं, आणि सत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी थांबवायच्या आत, मोठ्याने गायला लागला.

मी खोटं सांगणार नाही. ते भयंकर होतं. गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली. शेजारचे काका कंपाउंडपाशी येऊन काय झालं म्हणून बघून गेले. पहिली ओळ एका उंचीवर सुरू झाली आणि दुसरी कुठून आली ते देव जाणे. मामाचा चेहरा लाल झाला होता, पण तो थांबला नाही. आणि मी पाहिलं, आईच्या कपाळावर आठी पडली. ती मामाकडे बघत होती. गेल्या कित्येक महिन्यांत तिने कुणाकडेच तसं बघितलं नव्हतं, रागाने, ओळखीच्या रागाने. तिसऱ्या ओळीला तिने हात वर केला.

"बारक्या," आई म्हणाली, "तुले किती खेपा सांगलं, तू गाऊ नको. तू फक्त डबा धर."

मामाचं तोंड उघडंच राहिलं. आणि आईने ती ओळ स्वतः म्हटली. बारीक, कापऱ्या आवाजात, पण अगदी सुरात. मग पुढची म्हटली. मग दुसरं कडवं, तिसरं, एकही शब्द न अडखळता. जिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, तिने साठ वर्षांपूर्वीचं भांडण आणि तेव्हाचं गाणं एका दमात बाहेर काढलं. वहिनी शहाणी. तिने टाळीवर ठेका धरला आणि धरता धरता आईचा हात धरून तिला न्हाणीकडे चालवत नेलं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. तांब्यातून पाणी पडत होतं आणि ते ठेक्यावर पडत होतं. आई गातच होती.

मामा अंगणात तसाच बसून होता. संध्याकाळी मी त्याची वही उघडून पाहिली. त्या वेळेसमोरचे सगळे रकाने कोरे होते. विचारलं तर म्हणाला, "नोंद घ्यायची राहून गेली." चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याची एक नोंद राहिलेली नव्हती.

आई नाशिकला गेली नाही. मामा महिन्याचे दोन महिने राहिला आणि नंतर आठवड्यातून तीन दिवस येऊ लागला. रोज सकाळी तो चुकीचं गायचा आणि आई त्याला दुरुस्त करायची. सगळेच दिवस सारखे नसत. कधी ती त्याला बारक्या म्हणायची, कधी "भाऊ, तुम्हाले येत नाही तर काबरं गाता," असं परक्या माणसाला सांगावं तसं सभ्यपणे सांगायची. कधी नुसतीच ऐकायची. पण आंघोळीची भीती गेली, वहिनीच्या बाह्या पुन्हा कोपरापर्यंत आल्या. मामासमोर एक वेगळंच संकट उभं राहिलं. रोजच्या सरावाने त्याचा आवाज सुधारू लागला, असा मामीने त्याला इशारा दिला. मामा इतका घाबरला की दोन दिवस तो मुद्दाम गुणगुणत नव्हता. पण निसर्गाने त्याला भक्कम बनवलं होतं. तसं काही झालं नाही.

ही बातमी डॉक्टर मॅडमपर्यंत गेली आणि त्यांनी मामाला इतर घरांतही जायला सांगितलं. मामाने चव्वेचाळीस प्रश्नांचा एक फॉर्म केला. सायकल कितव्या वर्षी मिळाली. पहिल्यांदा कुणाच्या वरातीत नाचलात. गावात लाऊडस्पीकर कुणाकडे होता. घरच्यांना हे प्रश्न विचित्र वाटत, पण विचारता विचारता घरातली माणसं आपापसांत बोलू लागत. धुळ्याजवळच्या एका खेड्यात एक आबा होते, दिवसभर दारापासून चुलीपर्यंत येरझारा घालणारे. मुलगे म्हणाले, आबांना गाण्याचा नाद कधीच नव्हता. मामाने आबांच्या बायकोला विचारलं. सुनांसमोर ती आजी लाजली आणि म्हणाली, लग्नाआधी ते होळीला ढोल वाजवायचे, ते पाहूनच तर. पुढे तिने पदर तोंडाला लावला. कुणीतरी गावातून ढोल आणला. आबा येरझारा घालता घालता थांबले, ढोलावर हात फिरवला आणि म्हणाले, "हाई मनं शे." हे माझं आहे. मग ते बसले, आणि पाऊण तास बसून राहिले.

पण मामा स्वतः सांगताना याच्या आधी दुसरी गोष्ट सांगतो. धुळ्यातच एका मारवाडी कुटुंबातल्या आजींसाठी त्याने मोठ्या कष्टाने राजस्थानातलं, त्यांच्या गावाकडचं लग्नातलं गाणं मिळवलं होतं. ते लावल्याबरोबर आजी अशा रडू लागल्या की थांबेनात. लहान वयात लग्न होऊन त्या इतक्या लांब आल्या होत्या आणि त्या गाण्यात त्यांचं माहेर सुटलं होतं, हे फॉर्ममध्ये विचारायचं राहिलं होतं. मामाने गाणं बंद केलं आणि त्या शांत होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिला. वहीत लाल शाईने लिहिलं: हे गाणं पुन्हा नाही. चूक माझी. त्या दिवशी फॉर्ममध्ये पंचेचाळिसावा प्रश्न वाढला: कोणतं गाणं लावू नये.

आई दोन वर्षं गात होती. मग कडवी कमी झाली, मग ओळी, मग फक्त ठेका उरला. शेवटच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळली होती, डोळे मिटलेले असायचे, आणि मामा उशाशी बसून गायचा तेव्हा तिचं एक बोट गोधडीवर हलायचं. गेल्या पौषात ती गेली. अगदी शांतपणे, वहिनीचा हात धरून. मामा तेरा दिवस असोद्यालाच होता. त्याने न सांगता घरातले सगळे नळ, कड्या आणि स्विच तपासून नीट केले.

मागच्या महिन्यात जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात डॉक्टर मॅडमनी मामाचं भाषण ठेवलं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मामाने माईक बाजूला सारला, पिशवीतून फ्लॉवर काढला आणि साठ मुलींना मेंदू शिकवायला सुरुवात केली. मुली आधी हसल्या, मग वह्या काढून लिहू लागल्या. माझा बेसूर, बारावी पास, ऑपरेटर मामा फळ्यासमोर उभा होता आणि डॉक्टर मॅडम पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होत्या. मी आयुष्यात पुष्कळ विद्वानांची भाषणं ऐकली आहेत. पण "हा आमच्या घरचा," असं शेजारच्या अनोळखी बाईला सांगावंसं मला त्याच दिवशी वाटलं, आणि मी ते सांगितलंही.

शेवटी एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, तुमच्या बहिणीला बरं वाटलं का?"

"नाही," मामा म्हणाला. "आजार त्याच्या वाटेने गेला. तो कुणाचं ऐकत नाही. पण ती दोन वर्षं न घाबरता जगली. तेवढंच आपल्या हातात होतं, आणि तेवढं झालं."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही पायऱ्या उतरत होतो, तर तीच मुलगी मागून आली. तिची आजी यावलला होती, कुणाला ओळखत नव्हती. काय करू, म्हणून विचारत होती. मामा तिथेच पायरीवर बसला आणि तिलाही बसवलं. "तुझी आजी पंधरा वर्षांची होती तेव्हा कशी होती?" त्याने विचारलं.

मुलगी गोंधळली. "मला नाही माहीत. मी तिला आजीच पाहिलंय."

मी तिथे उभी होते. मीही माझ्या आईला आईच पाहिलं होतं. ती मुलींच्या टोळीची म्होरकी होती, हातात टिपऱ्या घेऊन सगळ्या आळीला हुकूम सोडणारी होती, हे मला तिची आठवण जात असताना कळलं. आणखी कायकाय होती ते आता कुणाला विचारणार.

"मग विचार," मामा त्या मुलीला म्हणाला. "घरात ज्यांना माहीत असेल त्यांना विचार. आजच."

मुलीने पायरीवर बसल्या बसल्या फोन लावला. "पप्पा, आजी लहान असताना काय गायची?" पलीकडे पप्पांनी घरातल्या कुणाला तरी हाक मारली. मग कुणीतरी बोलू लागलं, आणि मुलीने दुसऱ्या कानावर हात ठेवला. मामाने मला खूण केली. दुसऱ्यांच्या घरातलं बोलणं ऐकू नये म्हणून आम्ही दोघं हळूच उठून फाटकाकडे चालू लागलो.